छातीवर मुका मार बसलाय? एक्स-रेवर थांबू नका, ईसीजी काढा

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कोल्हापुरात रात्रीच्या रस्त्यांचं काय होतं ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, समोरनं येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात, आणि त्यातनं एमआयडीसीची सेकंड शिफ्ट सुटून घरला निघालेली पोरं. आदळतात, पडतात. हेल्मेट असलं तर डोकं वाचतं, हात-पाय मोडला तर जागेवर कळतं. पण हँडल नायतर स्टेअरिंग छातीत घुसलं आणि वरनं रक्ताचा थेंब नाही, साधं खरचटलेलंसुद्धा नाही, की मग जमलेले सगळे एकच बोलतात, "काय न्हाई, मुका मार हाय, दोन दिवसांत जातंय."

मला या वाक्याबद्दलच लिहायचंय. मी ईसीजी टेक्निशियन आहे, रोज माणसांच्या छातीला वायरी लावायचं माझं काम. तर सरळच सांगतो, छातीवर जोरात मार बसल्यावर हार्ट अटॅक येऊ शकतो. म्हणजे घाबरून छातीत धडधडतंय तसलं नाही, खराखुरा अटॅक, हृदयाची रक्तवाहिनी बंद पडून येतो तो. शुगर नसलेल्या, बीपी नसलेल्या, सुपारीचं खांडसुद्धा न खाणाऱ्या पंचविशीतल्या पोरालापण येऊ शकतो. हे रोज होत नाही, दुर्मिळ आहे, आणि दुर्मिळ आहे म्हणूनच हुकतं, कारण मार लागलेला माणूस छाती दुखते म्हणाला तर त्यात कुणाला काही वेगळं वाटतच नाही. मार लागलाय म्हटल्यावर दुखणारच की.

आमच्या घरात झालंय म्हणून एवढ्या पोटतिडकीनं लिहितोय. माझ्या मामाचा पोरगा, तिशीच्या आतला, गोकुळ शिरगावला कंपनीत आहे. रात्री घरी येताना कुत्रं आडवं आलं, करकचून ब्रेक मारला, गाडी घसरली आणि हँडलचं टोक डाव्या छातीत बसलं. उठला, गाडी उभी केली, स्वतः चालवत घरी आला, जेवला पण. मग दुखायला लागलं म्हणून एका दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला, बरगडी शाबूत, फुफ्फुसात काही नाही, कंबरेत इंजेक्शन, गोळ्या, जावा घरी. आता घरी आल्यावर मामी काय करणार, तिनं आंबेहळद उगाळली आणि गरम करून छातीवर लेप दिला, आपल्याकडं मुक्या माराला पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत आणि त्यात मामीचं काहीच चुकलं नाही, तिला दवाखान्यातनंच सांगितलं होतं की काही नाही म्हणून.

सकाळी मामीचा फोन आला. "अरे लेप लावला, शेकलं, गोळी दिली तरी ह्याला घाम सुटायलाय बघ, बनियन भिजलंय सगळं." थंडीचे दिवस, अंगावर चादर घ्यायची वेळ आणि ह्याला घाम. मी तसाच गेलो. कॉटवर पुढं वाकून बसला होता, मूठ छातीवर दाबून. मी विचारलं, "दाबलं की दुखतंय का?" तर म्हणाला, "दाबल्यावर दुखतंयच की दादा, पण ते वेगळं आणि आतनं दुखतंय ते वेगळं. जड झालंय. हात भरून आलाय डावा."

जड झालंय, हात भरून आलाय, घाम. मी मामांना म्हटलं, रिक्षा बोलवा, आत्ताच्या आत्ता.

मी काम करतो तिथंच नेलं आणि ईसीजी मीच काढला. छातीचे बल्ब लावायला शर्ट काढला तर आंबेहळदीचा लेप वाळून त्याची पिवळी पापडी धरलेली, नेमकी जिथं व्ही-टू, व्ही-थ्री (छातीवरच्या बल्बांच्या ठरलेल्या जागांची ही नावं) लावायचे त्याच जागेवर. तसं लावलं तर ईसीजीच्या कागदी पट्टीवर नुसती थरथर येते, काही वाचता येत नाही. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढलं, पापडी निघाली, खाली कातडीला साधा वळ पण नव्हता, जरासं लालसर एवढंच. जेल लावलं, बल्ब बसवले, बटण दाबलं. नॉर्मल पट्टीत कसं असतं, उंच टोक येतं, रेघ परत जमिनीला येते, थोडी सपाट चालते आणि मग एक छोटा उंचवटा. ह्याच्या पट्टीत व्ही-वनपासनं व्ही-फोरपर्यंत रेघ खाली यायलाच तयार नाही, टोकावरनंच फुगून पुढं चाललेली. याला एसटी एलिव्हेशन म्हणतात आणि ते अटॅकचं असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साठीच्या माणसांच्या पट्ट्यांवर बघितलंय ते. पट्टी फाडून घेतली आणि डॉक्टरांच्या केबिनकडं पळालो.

अँजिओग्राफीत दिसलं ते असं. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी असते, तिला एलएडी म्हणतात, ती आतनं फाटली होती आणि फाटलेल्या जागी रक्ताची गाठ धरली होती. बाकीच्या सगळ्या रक्तवाहिन्या स्वच्छ. म्हणजे कोलेस्टेरॉलचा, वडापावचा, तांबड्या-पांढऱ्याचा ह्याच्यात काही संबंध नाही. हँडलचा मार, बस्स.

हे कसं होतं ते समजून घ्यायला विहिरीवरचा जुना पाईप डोळ्यापुढं आणा. बाहेरनं धडधाकट दिसतो पण आतलं अस्तर एका जागी सुटलं की त्या सुटलेल्या पापुद्र्याच्या मागं पाणी शिरतं, पापुद्रा फुगतो आणि पुढचं पाणी बंद. रक्तवाहिनीलापण आत असंच नाजूक अस्तर असतं. छातीवर जोरात दणका बसला की हृदय पुढचं हाड आणि मागचा कणा यांच्या मध्ये दाबलं जातं, किंवा गाडी एकदम थांबते आणि हृदय आत झटका खातं, त्या ओढाताणीत अस्तराला चीर पडते. पापुद्रा सुटतो, वर रक्त गोठतं, वाट बंद. एलएडीच जास्त करून सापडते कारण ती हृदयाच्या पुढच्या बाजूला, छातीच्या हाडाच्या जवळ आहे. तिच्या खालोखाल उजवी रक्तवाहिनी. मागच्या बाजूला वळून जाणारी तिसरी आहे ती आडोशाला असल्यामुळं क्वचितच. वयस्कर माणसात आणखी एक भानगड, आधीच चरबीचा थर साठलेला असतो आणि दणक्यानं तो थरच फुटतो, मग पुढं गाठ धरायला वेळ लागत नाही.

आणि हे सगळं जागेवरच होईल असं नाही. चीर लहान असेल तर गाठ हळूहळू मोठी होते. काही पेशंटना तासांनी, काहींना दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीसुद्धा त्रास सुरू झाल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. त्यामुळं पडल्या पडल्या उठून गाडी चालवत घरी आला म्हणजे सुटला असं काही नसतं.

अटॅक न येतासुद्धा हृदयालाच मार लागू शकतो, हे वेगळं. हृदयाचा स्नायूच आतनं काळानिळा पडतो, त्यातपण उजवा कप्पा जास्त कारण तोच सगळ्यात पुढं असतो. अशा वेळी ठोके चुकायला लागतात, कधी कधी पंपिंग कमी होतं. झडप फाटणं, भिंत फुटणं असलेही प्रकार आहेत पण तो पेशंट मुळातच इतका गंभीर असतो की त्याला मुका मार म्हणून कुणी घरी पाठवत नाही.

आता मुद्द्याचं. एक्स-रेमध्ये बरगडी दिसते, फुफ्फुसात हवा-पाणी झालंय का ते दिसतं. हृदयाची रक्तवाहिनी फाटली का हे एक्स-रेला कळतच नाही. त्याला ईसीजी लागतो आणि सोबत ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी. ट्रोपोनिन का, तर हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरच ते रक्तात वाढतं. जुनी सीपीके-एमबी टेस्ट असते ती अशा पेशंटमध्ये फसवते, कारण छातीचे-हाताचे स्नायू ठेचले असले तरी ती वाढू शकते. अमेरिकेतली ट्रॉमाच्या, म्हणजे अपघातातल्या जखमांच्या सर्जन लोकांची संघटना आहे, ईस्टर्न असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा, त्यांनी 2012 साली नियम घालून दिलेत, की छातीवरच्या मारानं हृदयाला इजा झाल्याची शंका असेल तर प्रत्येकाचा ईसीजी काढायचा. एकटा ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर थांबायचं नाही, ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही नॉर्मल असले तरच हृदयाला इजा नाही असं धरायचं. ईसीजीत काही नवीन दिसलं तर ॲडमिट करून मॉनिटरवर ठेवायचं. आणि त्यांनी हेपण म्हटलंय की छातीचं मधलं हाड नुसतं मोडलं म्हणून हृदयाला इजा झालीच असं होत नाही. म्हणजे हाडावरनं हृदयाचा अंदाज बांधता येत नाही, हृदयाची तपासणी हृदयाचीच करावी लागते.

मला त्या पहिल्या दवाखान्याचा राग आला, खरं सांगतो. मशीन तिथं होतं. दहा मिनिटांचं काम आहे हो, कपडे काढून परत घालण्यासकट. पण नुसता राग करून बसण्यापेक्षा आपण पेशंटकडची माणसं तिथं जाऊन काय बोलतो हेपण बघायला पाहिजे. आपण म्हणतो, "गाडीवरनं पडलाय, छातीत दुखतंय." त्याऐवजी असं सांगा, "हँडल छातीत बसलंय, स्पीडला होता, ईसीजी काढून द्या." काय आदळलं, कुठं आदळलं आणि किती जोरात, हे तीन सांगायचंच. स्टेअरिंग असेल, ट्रॅक्टरचं असेल, छोटा हत्तीचं असेल (त्यात तर ड्रायव्हरची छाती आणि स्टेअरिंग यांच्यात वीतभर जागा राहत नाही), म्हशीची लाथ असेल, मॅचमध्ये कोपर बसलं असेल, शिडीवरनं पडून कठड्यावर आपटला असेल. सीट बेल्ट लावलेला असेल आणि छातीवर बेल्टचा पट्टा उमटला असेल तरी सांगा. बेल्टनं जीव वाचवलेला असतो, तो लावायचाच, पण उमटलेला पट्टा म्हणजे छातीनं जोर सोसलाय.

बरगडीचं दुखणं बहुतेक वेळा एका बोटानं दाखवता येतं, श्वास घेताना, खोकताना, कूस बदलताना चमकतं. हृदयाचं दुखणं पसरट, जड, हातात, मानेत, जबड्यात, पाठीत जातं, घाम येतो, मळमळतं, कसंही बसलं तरी कमी होत नाही. पण ह्या फरकावर विसंबून घरी बसू नका, कारण दोन्ही एकदम असू शकतात, माझ्या भावाला दोन्ही होतीच. आणि पेनकिलरच्या इंजेक्शनखाली आतलं दुखणं दबून जातं ते वेगळंच.

उपचारातपण इथं एक पेच असतो. नेहमीच्या अटॅकमध्ये जवळ कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची जागा) नसली तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन देतात. पण नुकतंच आपटलेल्या माणसाच्या डोक्यात किंवा पोटात आत कुठं रक्तस्राव होत असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणून शक्यतो अँजिओग्राफी करून बघतात आणि स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी टाकतात, कधी बायपास करावी लागते. स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सुरू होतात, म्हणजे प्लीहा, लिव्हर, मेंदू ठीक आहे ना हे आधी बघावं लागतं. भावाचं पोटाचं सोनोग्राफी आणि डोक्याचं सीटी पटापट करून घेतलं आणि मगच टेबलवर घेतला. मामा बाहेर विचारत होते की मार छातीला लागलाय तर डोक्याचं कशाला काढतायत, पैसे काढायला का, तर त्याचं कारण हे. त्यामुळं कुणी आधी अपघात झालाय हे लपवू नका, पोलीस केस होईल म्हणून "असंच दुखायलंय" म्हणून सांगणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असं करू नका. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते, रेशनकार्ड-आधारकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिलं गाठा.

भाऊ वाचला. हृदयाची पुढची भिंत थोडी कमी हलते, टूडी इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) पंपिंग कमी आलंय, जड उचलायचं काम बंद, गोळ्या चालू. वेळेत पहिल्याच रात्री पट्टी निघाली असती तर किती स्नायू वाचला असता हे कुणी सांगू शकत नाही पण जास्त वाचला असता एवढं नक्की.

आता फुटबॉलवाल्या पोरांसाठी थोडं वेगळं, कारण कोल्हापुरात राहून फुटबॉलबद्दल न बोलता कसं चालेल. अटॅक म्हणजे रक्तपुरवठा बंद, पण माणूस बहुतेक वेळा बोलत असतो, बसलेला असतो, माझ्या भावासारखा. दुसरा प्रकार आहे त्यात हृदयाचा ठोकाच एका क्षणात बिघडतो आणि माणूस जागेवर कोसळतो. त्याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. रक्तवाहिनी फाटत नाही, हाड मोडत नाही, हृदयात काही दोषच नसतो. फक्त दणका चुकीच्या वेळी बसतो. 1998 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी डुकरांवर बेसबॉलचा मारा करून हे दाखवून दिलं, ईसीजीतला तो शेवटचा छोटा उंचवटा असतो ना, टी वेव्ह, तिचं टोक यायच्या आधीच्या 15 ते 30 मिलिसेकंदांत चेंडू बसला तर हृदय पंप करायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं. पोरांत जास्त होतं, कारण त्यांची छाती लवचिक, दणका आतपर्यंत पोचतो. लहान, कडक चेंडू जास्त धोक्याचा, म्हणजे आपल्याकडं सीझन बॉल. पण कोपर, गुडघा, डोकं छातीवर बसूनपण होऊ शकतं.

2 जानेवारी 2023 ला अमेरिकन फुटबॉलमधला दमार हॅमलिन, वय 24, टॅकल करताना छातीवर धडक बसली, उठून उभा राहिला आणि दुसऱ्या क्षणी पाठीमागं कोसळला. मैदानातच छाती दाबली, शॉक दिला, म्हणून आज तो जिवंत आहे आणि त्याच वर्षी परत खेळायला लागला. (डेन्मार्कचा फुटबॉलर एरिक्सन मॅच चालू असताना कोसळला त्याचं उदाहरण सगळे देतात, 2021 च्या युरोमधलं, पण त्याला मार लागलेला नव्हता, तो प्रकार वेगळा. वाचला मात्र त्याच कारणानं.)

शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की हजारो लोक असतात. एवढ्या लोकांत पोरगा कोसळला तर पाणी मारायचं, कांदा हुंगवायचा, पाय चोळायचे, यात मिनिटं घालवायची नाहीत. हाक मारून हलवा, उठत नाही, श्वास नीट नाही किंवा घोरल्यासारखे आचके देतोय, तर 108 ला एकानं फोन लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून दाबायला लागायचं. 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, न थांबता, दमला की माणूस बदला. बरगडी मोडेल म्हणून घाबरायचं नाही. एईडी मशीन म्हणजे शॉकची पेटी असेल तर ती उघडली की बोलून सांगते काय करायचं ते. मोठ्या टुर्नामेंटला जर्सी, ढोल-ताशा, बक्षिसं यावर एवढा खर्च होतो, त्यात मंडळांनी मिळून अशी एक पेटी मैदानाच्या कडेला ठेवावी असं माझं प्रामाणिक म्हणणं आहे. आणि प्रत्येक टीमच्या चार-पाच पोरांना तरी छाती दाबायला शिकवा. आमच्या भागातल्या पोरांना मी शिकवायला तयार आहे, सांगाल तेव्हा येतो.

पैलवानांचं एक राहिलं. रोजचा भरपूर व्यायाम असलेल्या माणसाचा ईसीजी मुळातच वेगळा दिसू शकतो, ठोके कमी असतात, तरण्या पैलवानाच्या पट्टीत रेघ थोडी उचललेली असते आणि त्याला काहीही झालेलं नसतं. मग छातीवर मार बसून आल्यावर हे नवीन आहे का जुनंच आहे हे ठरवताना डॉक्टर अडकतात. म्हणून तालमीतल्या, टीममधल्या पोरांनी, आणि खरं तर रोज हायवेनं कामाला जाणाऱ्या प्रत्येकानं, धडधाकट असताना एकदा ईसीजी काढून ठेवा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. फोटो सरळ वरनं काढा, बारा लीड म्हणजे पट्टीवरच्या बाराही नोंदी आल्या पाहिजेत, नाव आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ कागद फाईलमध्ये ठेवा पण त्याच्यावर विसंबू नका, तो थर्मल कागद असतो, पुसट होत जातो. तोच फोटो घरातल्या एकाच्या फोनवरपण पाठवून ठेवा, अपघातात आपला फोन कुठं पडेल सांगता येत नाही.